वसाहतोत्तर साहित्याची यादी कुठे ठरते? गोव्यातल्या एका पेपरच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: गोव्यातल्या महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका नव्या प्राध्यापकाला वसाहतोत्तर साहित्यावर, म्हणजे परकी राजवट भोगलेल्या समाजांच्या साहित्यावर, चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर आखायचा आहे. वसाहतोत्तर साहित्यातली 'महत्त्वाची पुस्तकं' टीकाकार ठरवतात की शिक्षक? आणि गोव्यात बसून अशी यादी करताना काय सांभाळावं?

माझं उत्तर असं, की टीका पुस्तकाला नाव आणि जागा देते आणि वर्ग ते नाव दरवर्षी नव्या मुलांपर्यंत पोचवतो. दोन्ही असल्याशिवाय कॅनन, म्हणजे महत्त्वाच्या मानल्या जाणाऱ्या पुस्तकांचा संच, उभा राहत नाही. टीका आहे पण वर्ग नाही, अशी पुस्तकं कपाटात राहतात. वर्ग आहे पण टीका थांबली, तर पुस्तक परीक्षेपुरतं उरतं. दोन्ही नसतील, तर हजारो वाचक असूनही ते साहित्य मोजलं जात नाही. गोव्यात या तिन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे हा विषय शिकवायला इथल्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल.

आधी जगात रूढ झालेली यादी कशी बनली ते पाहू, कारण आपले पेपर बहुतेक वेळा तिचीच नक्कल असतात. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली आली. १९६२ मध्ये हायनेमन या प्रकाशनाने आफ्रिकी लेखकांची मालिका सुरू केली. अचेबे तिचे पहिले संपादक-सल्लागार होते. ही मालिका काढली ती हायनेमनच्या शालेय पुस्तकांच्या शाखेने. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत परीक्षांना नेमता येतील अशी स्वस्त, कागदी बांधणीची पुस्तकं त्यांनी पोचवली, म्हणून त्या मालिकेतली नावं वर्गात गेली. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्युम्बा आणि ताबान लो लियाँग यांनी इंग्रजी विभागच बरखास्त करून आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. लेखकांनी साहित्याचं भवितव्य विभागाच्या रचनेत शोधलं, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. पुढे १९७५ मध्ये अचेबे यांनी 'हार्ट ऑफ डार्कनेस'चे लेखक जोसेफ कॉनरॅड यांच्यावर केलेलं टीकात्मक भाषण आणि १९८९ मधलं 'द एम्पायर राइट्स बॅक' हे समीक्षेचं पुस्तक यांनी वाचनाची एक पद्धत पक्की केली: युरोपातलं एक जुनं पुस्तक घ्यायचं आणि त्याला वसाहतीतून आलेलं उत्तर त्याच्यासमोर ठेवायचं. कॉनरॅडसमोर अचेबे, 'जेन आयर' या जुन्या इंग्रजी कादंबरीसमोर जीन ऱ्हिसची १९६६ ची कादंबरी.

ही जोडी शिक्षकाला सोयीची असते. अर्धं पुस्तक त्याने आधीच शिकवलेलं असतं, प्रश्न आपोआप तयार होतो, संदर्भग्रंथ ग्रंथालयात असतात. पण याच सोयीमुळे यादीत उत्तर देणारी पुस्तकं शिरतात आणि आपल्याच माणसांशी बोलणारी बाहेर राहतात. तियात्र (कोकणी लोकनाट्य), कीर्तन, रोमी म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणी कादंबऱ्या ('रोमान्स'), ग्रामीण मराठी कथा हे कुणा युरोपीय ग्रंथाला उत्तर म्हणून लिहिलेलं नाही, म्हणून त्या चौकटीत त्यांना जागाच मिळत नाही. गोव्याला आणखी एक अडचण आहे. ही सगळी चौकट ब्रिटिश साम्राज्य आणि इंग्रजी विभाग यांच्या मापाने शिवलेली आहे. गोवा १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालकडे होता. इंग्रजीच्या पेपरात त्याचा मेळ बसत नाही. पोर्तुगीज भाषेतल्या वसाहतोत्तर अभ्यासाचं लक्ष मुख्यतः आफ्रिकेकडे राहिलं. मराठी वाङ्मयेतिहासात गोवा सतराव्या शतकात एकदा येतो आणि मग थेट विसाव्या शतकातल्या कवी बा. भ. बोरकरांपाशी.

आता त्या तीन अवस्था.

टीका आहे, वर्ग नाही: गोव्यातलं पोर्तुगीज साहित्य. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांची 'ऊश ब्रामनिश' ही कादंबरी १८६६ ची. विमला देवी यांचा 'मोन्सांव' हा कथासंग्रह १९६३ मध्ये लिस्बनला छापला गेला. भाटकार (जमीनमालक), मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), जात, आफ्रिकेत आणि पोर्तुगालमध्ये गेलेली माणसं आणि मागे थांबलेली घरं हा त्या कथांचा ऐवज. याच विमला देवींनी मानुएल द सेआब्रा यांच्यासोबत १९७१ मध्ये इंडो-पोर्तुगीज साहित्याचा दोन खंडांचा इतिहास आणि संकलन सिद्ध केलं. म्हणजे नावं, कालखंड, वेचे, सगळी यादी तयार झाली. पण ती झाली लिस्बनमध्ये, पोर्तुगीजमध्ये, आणि अशा वेळी की गोव्यातल्या शाळांतून पोर्तुगीज माध्यम दहा वर्षांपूर्वीच गेलं होतं. कोणत्याही वर्गाला ती यादी नेमता येईना. ती पुस्तकं पुन्हा वाचली जाऊ लागली ती साओ पाउलोसारख्या विद्यापीठातल्या संशोधनामुळे आणि पॉल मेलो ई कास्त्रो यांच्या इंग्रजी अनुवादांमुळे. 'मोन्सांव'चा अनुवाद २०१९ मध्ये आला. मधली पन्नास-पंचावन्न वर्षं या कथांना गोव्यात वर्ग मिळाला नाही आणि त्यांच्या गुणवत्तेचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

वर्ग आहे, टीका थांबली: बा. भ. बोरकर. महाराष्ट्रात आणि गोव्यात ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकात आहेत. पण प्रश्न ठरलेला: 'बोरकरांच्या कवितेतील निसर्ग आणि सौंदर्यदृष्टी'. उत्तरही ठरलेलं. बोरकरांनी मराठीत आणि कोकणीत दोन्हीकडे मोठं काम केलं, 'सासाय' या कोकणी संग्रहाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता मराठी विभाग 'दूधसागर' आणि 'चित्रवीणा' वाचतो, कोकणी विभाग 'पांयजणां' आणि 'सासाय'. एकाच कवीने दोन भाषांत लिहावं, कुठल्या वेळी कुठली निवडावी, गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याशी आणि नंतरच्या मराठी-कोकणी भाषावादाशी त्या निवडीचं काय नातं, हा खरा वसाहतोत्तर प्रश्न. तो दोन विभागांच्या मधल्या भिंतीत अडकून पडला आहे. कथाकार लक्ष्मणराव सरदेसाई यांचं लेखन तर तीन भाषांत आहे: मराठी कथा, कोकणी लेखन, पोर्तुगीज लेखन. त्यांच्यावर एकाच विभागातून पूर्ण पेपर होऊ शकत नाही, म्हणून बहुतेक वेळा एकच कथा नेमली जाते आणि विषय तिथेच संपतो.

वर्गही नाही, टीकाही नाही: रोमी लिपीतली कोकणी. १८९२ पासूनचं तियात्र, विसाव्या शतकातले रेजिनाल्ड फर्नांडिस आणि इतरांचे 'रोमान्स'. वाचक आणि प्रेक्षक भरपूर. पण १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिल्यावर आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरी असं ठरवल्यावर पुरस्कार, पाठ्यपुस्तकं, विद्यापीठाचे पेपर देवनागरीभोवती जमले. रोमीवाल्यांची ही तक्रार जुनी आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे. त्याच कायद्याने मराठीच्या सरकारी वापराची सोय ठेवली, पण गोव्यातला मराठी लेखक पुणे-मुंबईच्या समीक्षेला दूरचा आणि गोव्याच्या भाषिक अस्मितेच्या चर्चेत बाजूचा, असा दोन्हीकडून कडेला गेला.

जातीचा प्रश्न या तिन्हींच्या आत आहे. विष्णु सूर्या वाघ यांच्या 'सुदिरसूक्त' या कोकणी कवितासंग्रहावरून २०१७ मध्ये पुरस्काराच्या निमित्ताने जो वाद उसळला, तो कुणाची भाषा आणि कुणाचा राग 'साहित्य' म्हणून चालतो याच मुद्द्याचा होता. तुमच्या यादीत बहुजन लेखन नसेल तर ती यादी अपुरी आहे, हे कुणी सांगण्याआधी स्वतःच तपासा.

टीकेच्या हत्यारांबद्दल थोडं. भालचंद्र नेमाडे काही काळ गोवा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांची देशीवादाची, म्हणजे साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेने जोखण्याची, मांडणी मराठीत वसाहतोत्तर सिद्धान्तापेक्षा जास्त वापरली जाते. वापरावी. पण गोव्यात ती सरसकट लावू नका. चार पिढ्या घरात पोर्तुगीज बोलणारा आणि कुळाचाराच्या आठवणी सांभाळणारा लेखक देशी की परका, हा प्रश्न तिच्याने सुटत नाही. तसंच 'वसाहत' हा शब्दही इथे एकसारखा नाही. तिसवाडी, बारदेस, साष्टी या जुन्या काबिजादी (पोर्तुगीजांनी जिंकलेले प्रदेश) सोळाव्या शतकातल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. धर्मांतर, इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय), १६८४ चं स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचं फर्मान, हे सगळं पहिल्या भागाने सोसलं. दुसऱ्यात देवळं आणि मराठी शिकवण टिकली. महादेवशास्त्री जोशी सत्तरीतल्या आंबेड्याचे. त्यांच्या कथेतला गोवा आणि 'मोन्सांव'मधला गोवा एकाच राजवटीखालचे असूनही वेगळे आहेत. पहिल्याच आठवड्यात तालुक्यांचा नकाशा फळ्यावर काढा, नाहीतर मुलं सगळ्याला एकच 'साडेचारशे वर्षांची गुलामगिरी' म्हणून मोकळी होतात.

आता पेपर. चार श्रेयांक म्हणजे ६० तास. मी वाटणी अशी सुचवेन: इतिहास आणि संकल्पना ८, 'ख्रिस्तपुराण' हे सतराव्या शतकातलं ओवीबद्ध काव्य १२, कथा १४, कादंबरी १६, कविता आणि शेवटची चर्चा १०. संकल्पनांना ८ पेक्षा जास्त तास देऊ नका. सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. सईद, भाभा, स्पिवाक या वसाहतोत्तर सिद्धान्तकारांवरच्या टिपांत निम्मं सत्र जातं आणि कादंबरी शेवटच्या पंधरवड्यात 'कथानक सांगून' संपवली जाते. मग मुलं सिद्धान्त पाठ करतात आणि पुस्तक उघडत नाहीत. दरवर्षी असंच झालं की पाच वर्षांत त्या महाविद्यालयात 'वसाहतोत्तर' म्हणजे तीन नावं आणि सहा व्याख्या एवढंच उरतं.

'ख्रिस्तपुराण' जरा जवळून पाहा, कारण कॅनन कसा कापला जातो हे त्यात उघड दिसतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (येशूसंघी) पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, १६१९ मध्ये वारला. पुराणाच्या सुमारे ११ हजार ओव्या. १६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, रोमन लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो नव्या ख्रिस्ती समाजाने हाताने उतरवलेल्या आणि चर्चमध्ये, घरात वाचलेल्या प्रतींवर. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला तो रोमन लिपीत छापला, लंडनमध्ये मार्सडन संग्रहात देवनागरी हस्तलिखित सापडलं, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली. तिथून मराठी वर्गात जे गेलं ते मुख्यतः हे:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

मराठीच्या थोरवीसाठी या ओव्या उद्धृत होतात आणि उरलेलं पुराण गळतं. ११ हजारांतल्या मूठभर ओव्यांवर ग्रंथाची ओळख उभी राहिली, कारण भाषाभिमानाचा प्रश्न परीक्षेत विचारता येत होता. वर्गात उलट करा. एका तासात १२ ते १५ ओव्या नीट वाचून होतात. दहा तासांत दीडशेच्या आसपास. त्यांतल्या तीस-चाळीस, वरची ओवी जिथे येते त्या प्रस्तावनेच्या भागातल्या, बाकी आदिपुराण या पहिल्या भागातल्या उत्पत्तीच्या कथेतल्या आणि देवपुराण या दुसऱ्या भागातल्या ख्रिस्ताच्या जन्मकथेतल्या घ्या. 'वैकुंठ', 'परमेश्वर' असे शब्द कोणत्या अर्थाने आले आहेत त्याची यादी मुलांकडून करवून घ्या. ज्यांची जुनी पुराणं हिरावली त्यांना त्याच छंदात, त्याच शब्दांत नवं पुराण दिलं गेलं, हे यादीतून त्यांनाच दिसतं. उरलेल्या दोन तासांत १६८४ चं फर्मान वाचा. ज्या मिशनऱ्यांनी भाषा शिकून घेतली त्यांच्याच राजवटीने सत्तर वर्षांत ती सोडायला सांगितलं, यावर चर्चा पुरून उरते.

कादंबरीसाठी माझी निवड पुंडलिक नायक यांची 'अच्छेव', कोकणी, १९७७. खाण गावात येते, शेती जाते, पंढरी आणि रुक्मिणीचं घर उसवतं. २००२ मध्ये विद्या पै यांचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने काढला आणि मग इंग्रजी विभागांत ती पर्यावरणवादी वाचनासाठी नेमली जाऊ लागली. ते वाचन चूक नाही, पण त्यात एक दुवा सुटतो. खाणींचे परवाने पोर्तुगीज सरकारने दिलेले होते. मुक्तीनंतरही ते चालू राहिले आणि ते रद्द करून भाडेपट्ट्यात बदलणारा केंद्राचा कायदा १९८७ मध्ये आला. म्हणजे राजवट गेली आणि जमिनीवरचा तिचा हक्क पंचवीस वर्षं राहिला. कादंबरी त्या काळातली आहे. हा दुवा जोडला की 'वसाहतोत्तर' या शब्दाला गोव्यात ठोस अर्थ येतो. मराठीच्या वर्गात ती मूळ कोकणीतच शिकवा. देवनागरी आहे, मुलांना कानाने कळते, दोनेक पानांची शब्दसूची पुरते. इंग्रजी अनुवादावरून शिकवलं तर आपल्या शेजारची भाषा आपण इंग्रजीतून वाचतो आणि ज्या चौकटीवर टीका करायची तीच पक्की होते.

कथांत महादेवशास्त्री, लक्ष्मणराव आणि 'मोन्सांव'मधल्या दोन. एका कथेला दोन ते अडीच तास लागतात, त्यामुळे १४ तासांत पाच कथा पुरे, सहावी घेऊ नका. 'मोन्सांव'च्या कथांबरोबर १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा ठेवा. घर कुणाचं आणि खालची जमीन कुणाची हे कळल्याशिवाय त्या कथांतला ताण मुलांच्या लक्षात येत नाही. जमलं तर एखादा तियात्रातला प्रवेश रोमीत द्या. 'एक्स' म्हणजे श, शब्दाच्या शेवटचा 'एम' बहुधा अनुनासिक, एवढं सांगितलं की दोन तासांत मुलं वाचू लागतात.

प्रती मिळतात का हे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीआधी पाहा. बरीच चांगली नावं यादीतून पडतात ती पुस्तक छापील उपलब्ध नसल्यामुळे, आणि एकदा पडली की पुढची मंडळं जुनीच यादी पुढे चालवतात. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात आणि महाविद्यालयात मिळून किती प्रती आहेत ते मोजा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो: बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत. गोमिश यांचं मूळ मोकळं आहे, पण अलीकडच्या अनुवादाचा हक्क अनुवादकाकडे असतो. वर्गात शिकवण्यापुरत्या उताऱ्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती व्यापक अर्थाने मान्य केली. तरी संपूर्ण कादंबरीची झेरॉक्स काढू नका. छापील प्रत मिळते तिथे ती घ्यायला लावा, कारण पुस्तक विकलं गेलं तरच प्रकाशक पुढची आवृत्ती काढतो.

शेवटचं काम प्रश्नपत्रिकेचं, आणि सगळ्यात जास्त परिणाम तिचाच होतो. मुलं पुस्तक कसं वाचतील ते प्रश्नपत्रिका ठरवते. 'अच्छेवमधील निसर्गचित्रण स्पष्ट करा' असा प्रश्न पहिल्या वर्षी आला की दुसऱ्या वर्षी गाइडात उत्तर येतं, तिसऱ्या वर्षी कादंबरी वाचायची गरज राहत नाही. त्याऐवजी न शिकवलेला दहा-बारा ओळींचा उतारा द्या आणि विचारा की यात जमीन कुणाच्या ताब्यात आहे आणि ते कोणत्या शब्दांवरून कळतं. किंवा बोरकरांची एक मराठी आणि एक कोकणी कविता शेजारी छापा आणि दोन्हींत कवी कुणाशी बोलतो ते लिहायला सांगा. अशा प्रश्नांची उत्तरं तपासायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून सहकारी नाखूष होतील. अंतर्गत मूल्यमापनापासून सुरुवात करा. तिथे मंडळाची परवानगी लागत नाही आणि दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका हाताशी आल्या की त्याच दाखवून मुख्य परीक्षेचा नमुना बदलून घेता येतो.

पुस्तकांची यादी दर तीन वर्षांनी एका पुस्तकापुरती बदला, त्याहून जास्त नको. सगळी एकदम बदलली तर शिक्षकांना नवं वाचायला वेळ मिळत नाही आणि ते पुन्हा टिपांवर येतात. कधीच बदलली नाही तर बोरकरांचं झालं तेच होतं. बदललेल्या पुस्तकाच्या जागी जे येईल त्यावर विभागातल्या कुणीतरी आधी एक लेख लिहून छापलेला असावा, निदान मराठी किंवा कोकणी दैनिकाच्या रविवार पुरवणीत.